हिवाळी भाज्या नेमक्या कधी लावायच्या? दिवाळीवर नको, नक्षत्रावर मोजा

दरवर्षी तेच होतं. गणपती गेले की आमच्या सोसायटीतले निम्मे लोक नर्सरीतून फ्लॉवर-कोबीची रोपं घेऊन येतात, उरलेले निम्मे म्हणतात दिवाळी होऊन जाऊ दे, फराळ-पाहुणे आटपू देत, मग निवांत लावू, आणि फेब्रुवारीत बघावं तर दोघांच्याही कुंड्यांत नुसती पानं. मी पहिली तीन वर्षं पहिल्या गटात होते, मग घाबरून एक वर्ष दुसऱ्या गटात गेले, त्यामुळे दोन्हीकडचा मार खाल्लेला आहे.

हे सगळं पुणे आणि आजूबाजूच्या हवेसाठी लिहितेय. कोथरूडची गच्ची आणि सासवडच्या पुढे सासऱ्यांची दोन गुंठे जागा, एवढंच माझं राज्य. कोकण, गोवा, विदर्भवाल्यांनी तारखा कशा सरकवायच्या ते खाली एका ठिकाणी सांगितलंय.

थंडी लावायला नको, भरायला हवी

आपण "हिवाळी भाज्या" म्हणतो म्हणून त्या हिवाळ्यात लावायला जातो, पहिली गडबड इथेच. कोबीचा गड्डा, गाजराचं मूळ, मटाराचा दाणा हे भरायला थंडी लागते. रोप लहान असतं तेव्हा त्याला थोडी ऊब चालते, किंबहुना ऊब असली तर ते भराभर वाढतं, फक्त भाजून निघता कामा नये. पुण्यात रात्री खऱ्या गार होतात त्या साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून, डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान ११-१२ च्या आसपास असतं, आणि फेब्रुवारी अर्धा सरला की दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं. मग कोथिंबीर तुरे काढते, पालक उंच होऊन दांड्यावर येतो, मुळा आतून जाळीदार होतो, पाणी कितीही घाला. म्हणजे आपल्या हातात गारव्याचे जेमतेम नव्वद दिवस. रोप किंवा बी त्याच्या आधी, उन्हातच तयार करून ठेवायचं, आणि भरायची वेळ या नव्वद दिवसांत आणायची. बस, सगळी कला एवढीच आहे.

बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून गोंधळ होतो कारण ते सांगतात पहिलं हिम कधी पडणार ते बघा आणि तिथून मागे मोजा. माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याच्यासाठी ते बरोबर आहे, त्याला गोठायच्या आत टोमॅटो-मिरची काढून घ्यायची असते. आपल्या कुंडीत कुठलं हिम पडतंय! आपली भीती उलटी आहे, आपण मागे मोजायचं ते ऊन परत यायच्या दिवसापासून. मी तो दिवस १० फेब्रुवारी धरते. एखाद्या वर्षी थंडी रेंगाळते, पण त्या भरवशावर राहू नका.

मागे मोजायचं गणित, पेन घेऊन बसा

बियाण्याच्या पाकिटावर "७५ दिवस" असं लिहिलेलं असतं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीसाठी हे दिवस बहुतेक वेळा रोप लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली. गाजर, मुळा, मटार थेट जागेवरच पेरतो म्हणून त्यांचे दिवस पेरणीपासून. तर फ्लॉवरचे ७५, त्यात रोप तयार व्हायचे २८, आणि मी १० दिवस ढिलाईचे धरते कारण डिसेंबरात वाढ मंदावते आणि शिवाय आपण काही शेतकरी नाही, कधी पाणी राहतं कधी गावाला जातो. झाले ११३. दहा फेब्रुवारीतून ११३ दिवस मागे गेलं की येतो २० ऑक्टोबर. ही बी टाकायची शेवटची तारीख आहे, चांगली तारीख नव्हे. नर्सरीतून तयार रोप आणणार असाल तर २८ दिवस वाचले, म्हणजे १७ नोव्हेंबरपर्यंत जमिनीत गेलंच पाहिजे. पासष्ट दिवसांचा कोबी असेल तर बी ३० ऑक्टोबरपर्यंत चालतं.

आता दुसरं, माझं लाडकं गणित. भोगीच्या भाजीत स्वतःच्या बागेतलं गाजर घालायचंय. भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारी धरू. गाजराचे ९० दिवस अधिक १० ढिलाईचे, शंभर. १३ जानेवारीतून शंभर मागे, ५ ऑक्टोबर. आता गंमत बघा, ५ ऑक्टोबरला पुण्यात एक तर धो धो पाऊस तरी असतो नाहीतर कडक ऊन तरी, आणि गाजराचं बी या दोन्हीला घाबरतं. दिवाळीनंतर गाजर पेरलं की भोगीला ते बोटाएवढं का असतं याचं उत्तर या गणितात आहे, आणि ५ ऑक्टोबरला पेरून ते उगवून कसं आणायचं हे पुढे सांगते.

सण फिरतात, नक्षत्रं फिरत नाहीत

लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक! गणपतीचंही तसंच, २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. "दिवाळीच्या सुट्टीत लावलं तेव्हा मस्त आलं होतं" म्हणून परत दिवाळीच्याच सुट्टीत लावलं आणि फसलं, तर दोष तुमच्या हाताचा नाही, पंचांगाचा आहे. सण चंद्रावर चालतात. शेतकरी मात्र पाऊस आणि पेरणी मोजतो ती सूर्याच्या नक्षत्रावर, आणि ती दरवर्षी एखाद्या दिवसाच्या फरकाने त्याच तारखेला लागतात. कालनिर्णयच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा. उत्तरा साधारण १३ सप्टेंबर, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा १० ऑक्टोबर, स्वाती २४ ऑक्टोबर, विशाखा ६ नोव्हेंबर. हे मला सासवडला शेजारच्या रानातल्या तात्यांनी शिकवलं. सप्टेंबर संपताना वाफा खणायला गेले होते तर बांधावरून म्हणाले, "ताई, हत्ती अजून सोंड हलवतोय, कशाला घाई करताय?" हस्ताला ते हत्तीच म्हणतात. त्याच रात्री असा पाऊस आला की खणलेला वाफा दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानात होता.

तर आता नक्षत्राप्रमाणे जाऊ.

पूर्वा-उत्तरा (ऑगस्टअखेर ते २६ सप्टेंबर): फक्त रोपं, तीही आडोशाला

या दिवसांत जमिनीत काही टाकायचं नाही, रोपं करायची. टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी ऑगस्टअखेरीस टाकलं तर उत्तमच कारण ही मंडळी थंडीची नाहीत, त्यांना फक्त फुलं धरायला बऱ्या रात्री हव्या असतात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली उत्तरा लागल्यावर, म्हणजे १५ सप्टेंबरच्या पुढे. मी सगळं एकदम टाकत नाही, निम्मं १५-१६ ला आणि निम्मं १ ऑक्टोबरला. एक तुकडी फसली तर दुसरी असते, आणि दोन्ही जगल्या तर आठ गड्डे एकाच आठवड्यात तयार होऊन शेजाऱ्यांच्या दारात ठेवायची वेळ येत नाही.

प्रो-ट्रे घ्या, त्यात कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, एका खणात एकच बी, अर्धा सेंटीमीटर खोल. शेडनेट ५० टक्क्यांची पुरते, नसेल तर जुनी सुती साडी दोन वळशी. पण वरून पावसाचं पाणी नको, म्हणून मी ट्रे खिडकीच्या सज्जाखाली ठेवते जिथे सकाळचं ऊन येतं. या दिवसांत रोपं मरतात ती उन्हाने नाही, ओलीने. संध्याकाळी टवटवीत दिसणारं रोप सकाळी आडवं, देठ मातीपाशी चिमटा घेतल्यासारखा बारीक झालेला, म्हणजे मर लागली. एकदा लागली की औषध नाही, ते खण काढून टाका आणि पाणी तोडा. आधीच काळजी घ्यायची असेल तर कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा आणि पाणी सकाळी एकदाच घाला, संध्याकाळी अजिबात नाही.

फ्लॉवरबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त रडणं त्याचंच असतं. फ्लॉवरच्या जाती थंडीप्रमाणे वाटलेल्या असतात. लवकरची जात वीस-पंचवीस अंशातही गड्डा धरते, उशिराची म्हणजे स्नोबॉल धाटणीची जात १०-१६ अंश मिळाल्याशिवाय गड्ड्याचा विचारसुद्धा करत नाही. उशिराची जात लवकर लावली तर नुसती पानं वाढत राहतात, आणि लवकरची जात उशिरा लावली तर रोप लहान असतानाच थंडी लागून लिंबाएवढा गड्डा धरून मोकळं होतं. याला बटण येणं म्हणतात. पुण्याच्या हवेत लवकरची किंवा मधली जात घ्या, स्नोबॉलच्या नादी लागू नका, आपल्याकडे तेवढी थंडी सलग टिकतच नाही. आता दिवाळीनंतरच्या त्या वर्षी मी काय केलं, तर एका नर्सरीतून जातीचं नाव न विचारता बारा रोपं आणली, पाच रुपयाला एक. ट्रेमधून रोप उपसलं तर मुळं खालच्या भोकापाशी शेवयांच्या गुंतवळासारखी गोल गोल फिरलेली, खालची पानं पिवळी. दीड-दोन महिन्यांची शिळी रोपं होती, माझ्या लक्षात आलं पण पैसे दिले होते म्हणून लावली. बाराच्या बारा बटणं. तेव्हा रोप विकत घेताना तीन गोष्टी: जात कुठली ते विचारा, पानं चार-पाचच हवीत, आणि एक रोप उपसून मूळ बघा, पांढरं असेल तरच घ्या. उपसू देत नसतील तर तिथून घेऊच नका.

हस्त (२७ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर): वाफसा येऊ द्या

मोसमी पाऊस पुण्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत फिरतो, पण जाताना झोडपून जातो. या पंधरा दिवसांत वाफे तयार ठेवायचे. जमिनीवर करत असाल तर गादीवाफा, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे पाणी साचत नाही. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, अर्धवट कुजलेलं घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि गाजराला दोन-दोन पाय फुटतात. सोबत मूठभर निंबोळी पेंड.

पेरायच्या आधी वाफसा, म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही, हे बघायचं. तात्यांची पद्धत अशी की चार बोटं खोलवरची माती मुठीत दाबून लाडू वळायचा आणि अंगठ्याने टिचकी मारायची. लाडू वळलाच नाही तर माती कोरडी, टिचकीने नुसता खळगा पडला तर अजून चिखल आहे, आणि भुगा होऊन पडला तर वाफसा आला, त्याच दिवशी पेरायचं. काळ्या मातीत पावसानंतर तीन-चार दिवस लागतात, गच्चीवरच्या हलक्या मातीत दुसऱ्याच दिवशी.

आता ते ५ ऑक्टोबरचं गाजर. जात लाल घ्या, पुसा केसरसारखी देशी धाटणीची, ती ऊन सोसते. नारिंगी नॅन्टीस गाजर महिनाअखेरीस पेरा, त्याला गारवाच लागतो. गाजराचं बी हलकं आणि केसाळ असतं, चौपट कोरड्या रेतीत मिसळून ओळीत सोडा, वर एक सेंटीमीटरहून जास्त माती नको, आणि त्या ओळीत दर वीतभर अंतरावर मुळ्याचा एक-एक दाणा टाका. मुळा चार दिवसांत वर येतो, ओळ कुठे आहे ते कळतं आणि वरची पापडी फोडून देतो. मग सगळ्यावर ओलं गोणपाट. हे गोणपाट पावसाच्या माऱ्यापासून आणि उन्हापासून दोन्हीपासून वाचवतं, तेच ओलं ठेवायचं, वाफ्याला वेगळं पाणी नाही. सहाव्या दिवसापासून रोज संध्याकाळी कोपरा उचलून बघा, दोऱ्यासारखे हिरवे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढा. सकाळी काढीन म्हणून मी एकदा ठेवलं तर कोंब गोणपाटाच्या विणीतून वर आलेले, ओढल्यावर सगळे तुटून गोणपाटासोबतच आले. पुढे बोटभर झाले की विरळणी करा, दोन गाजरांत तीन-चार बोटं जागा. विरळणी करताना जीव तुटतो पण केलीच पाहिजे.

चित्रा (१० ते २३ ऑक्टोबर): ऑक्टोबर हीट

पाऊस गेला, आभाळ स्वच्छ, आणि आपल्याला वाटतं आता लावायला मोकळे. इथेच गच्चीवाले फसतात. हवेचं तापमान ३१-३२ असतं, त्यात काही विशेष नाही, पण मी एकदा दूध तापवायचा थर्मामीटर काळ्या ग्रो बॅगमध्ये दोन बोटं खोल खुपसला, दुपारी तीन वाजता, तर ३९! शेजारच्याच बॅगला मी बाहेरून गोणपाट गुंडाळलं होतं आणि वर पाचट घातलं होतं, तिथे ३२. कोथिंबीर आणि लेट्यूसचं बी तिशीच्या वर नीट रुजत नाही, लेट्यूसचं तर झोपीच जातं. त्या वर्षी कोथिंबिरीची तीन पाकिटं वाया घालवली आणि बियाणं खराब म्हणून दुकानदाराशी भांडून आले, आता त्या दुकानासमोरून जाताना मान खाली.

तेव्हा या पंधरवड्यात रोपं लावायची, बारीक पालेभाजी पेरायची नाही. सप्टेंबरात टाकलेल्या कोबी-फ्लॉवरला आता चार-पाच पानं आली असतील. लावायच्या आधी चार दिवस शेडनेट काढून टाका आणि पाणी कमी करा म्हणजे रोप काटक होतं. लावणी संध्याकाळी पाचनंतरच. कोबी-फ्लॉवरला दीड फूट अंतर द्या, नवलकोलला वीतभर पुरतं. कुंडी असेल तर एका कुंडीत एकच गड्डा, दोन लावायचा मोह होतो, मलाही होतो. लावल्यावर आठवडाभर दुपारची सावली हवी, बारा ते चार. शेतात एरंडाचं पान किंवा झावळीचा तुकडा खोचतात, गच्चीवर जुनी ओढणी दोरीवर टाकली तरी काम होतं. आठ दिवसांनी नवीन पान आलेलं दिसलं की सावली बंद, नाहीतर रोप लांबुडकं होतं.

कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, त्याच्या बारीक हिरव्या अळ्या पानांची चाळण करतात. शेतात कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी लावतात, पतंग मोहरीवर आधी जातो. घरी पण कोबीच्या पंधरा दिवस आधी एका कुंडीत स्वयंपाकघरातलीच मोहरी भुरभुरून ठेवा, त्यावर अळ्या दिसल्या की पानं तोडून साबणाच्या पाण्यात.

पेरायचंच असेल तर मुळा पेरा, पुसा चेतकी जात उन्हाला दाद देत नाही, ४०-४५ दिवसांत हातात. बीटही चालतं. बिटाचं एक बी म्हणजे दोन-तीन बियांचा गुच्छ असतो म्हणून एका ठिकाणी तिळं उगवतात, एक ठेवून बाकीची कापा, उपटू नका. मेथी थोडी सावलीच्या बाजूला सरकवून लावली तर येते.

स्वाती (२४ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर): हीच खरी वेळ

"पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" म्हणतात ते रब्बीच्या पिकासाठी, पण बागेतही स्वाती म्हणजे हात मोकळा सोडायची वेळ. थर्मामीटर नसला तरी एक खूण आहे, पहाटे पायाशी पडलेली चादर झोपेतच अंगावर ओढली जायला लागली आणि कोणीतरी उठून पंखा दोनवर केला की त्याच आठवड्यात पेरा. आमच्याकडे हे बहुतेक २५ ऑक्टोबरच्या आसपास होतं.

मटार आता. फुलाच्या वेळी तिशीच्या वर ऊन असलं की फूल गळतं, म्हणून आधी नको, आणि उशीर केला की जानेवारीअखेरीस भुरी येते, पानांवर पीठ सांडल्यासारखं, आणि शेंगा भरायच्या आत वेल वाळतो. म्हणून २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, बस. अर्केल जात बुटकी आणि लवकरची आहे, गच्चीसाठी तीच. बी रात्रभर भिजवा, दीड इंच खोल, चार बोटांवर एक. फार जास्त आशा ठेवू नका, वीस वेलांचा मिळून एका वेळच्या पुलावापुरता दाणा निघतो, पण उभ्याने तोडून खाल्लेल्या शेंगा मोजल्या तर परवडतं.

कोथिंबीर आता टाका. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, पीठ नका करू, रात्रभर पाण्यात ठेवा. आठ ते बारा दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघू नका. लेट्यूसचं बी ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालून दोन दिवस फ्रीजमध्ये, मग मातीवर नुसतं टाकायचं, वर माती नाही, त्याला उजेड लागतो. मेथी, पालक, शेपू, चाकवत आता कुठेही टाका, येतातच. पण सगळं बी एकदम नको, दर बारा-पंधरा दिवसांनी एक क्रेट, जानेवारीच्या मध्यापर्यंत.

लसूणसुद्धा आताच, आणि त्याला उलटं गणित लावायचं नाही. लसूण-कांद्याला आधी थंडी आणि मग गड्डा भरायला वाढता दिवस आणि ऊब लागते, म्हणून ते फेब्रुवारीच्या पुढे जातात आणि त्यात काही बिघडत नाही. लसणाची मोठी बाहेरची पाकळी, टोक वर, पाच-सहा इंचाच्या ओळीत तीन-चार इंचावर. नोव्हेंबर संपल्यावर लावला तर कधी कधी पाकळ्याच पडत नाहीत, नुसती गोल गोटी मिळते. रब्बी कांद्याचं बी पण याच सुमारास टाकतात आणि रोप डिसेंबर-जानेवारीत लावतात, घरी एवढा खटाटोप मी करत नाही, पातीपुरते मोड आलेले कांदे खोचते. बटाटा करायचा असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, रात्री विशीच्या खाली गेल्याशिवाय तो खाली बटाटे धरत नाही.

विशाखा आणि त्यानंतर: उशीर झालेल्यांसाठी

सहा नोव्हेंबर उलटला आणि अजून काहीच लावलं नाही? फ्लॉवर-ब्रोकोलीचं बी विसरा. चांगली रोपं मिळाली तर १७ नोव्हेंबरपर्यंत लावा, नाहीतर नवलकोल घ्या, ते पन्नास-साठ दिवसांत गोळा धरतं आणि त्याच्या पाल्याचीही भाजी होते. मुळा जपानी व्हाईट आणि बीट महिनाअखेरपर्यंत. डिसेंबरात फक्त पालेभाज्या. ढगाळ हवा आली की मावा हमखास येतो, पानाच्या मागे काळे-हिरवे ठिपके, त्यावर नुसता पाण्याचा जोरदार फवारा दोन दिवस मारला तरी निम्मा जातो, नाही गेला तर निंबोळी अर्क.

पुण्याबाहेर असाल तर

नाशिक, निफाड, नगरकडे थंडी लवकर येते आणि कडक पडते, तारखा आठवडाभर अलीकडे ओढा आणि फ्लॉवरची उशिराची जातही तिथे चालते. विदर्भ-मराठवाड्यात रात्री छान गार होतात पण फेब्रुवारीत ऊन लवकर पेटतं, म्हणून तिथे माझ्या १० फेब्रुवारीऐवजी १ फेब्रुवारी धरा.

कोकणात आणि मुंबईत सरळ वेगळा हिशोब आहे. रात्री पुण्याएवढ्या गार होत नाहीत, तेव्हा ब्रोकोली, मटार, नारिंगी गाजर यांच्या मागे लागून पाणी वाया घालवू नका. तिथली परंपरा शहाणी आहे, भात कापला की त्याच खाचरातल्या ओलीवर वाल, पावटा, मुळा, तांबडा माठ, अलिबागकडे पांढरा कांदा. पोपटीला (मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या बेताला) लागणाऱ्या शेंगा त्याच वालाच्या. गोव्यातही भातानंतर तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, अळसांदे (चवळीचा प्रकार), आणि आगशी-ताळगावची वांगी. कोबी करायचाच तर उन्हात टिकणारी संकरित जात घेऊन रोप नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

फेब्रुवारी आला की

पाच-सात तारखेला एक फेरी मारा. कोबीचा गड्डा दाबून बघा, कडक लागला तर काढा, अजून मोठा होईल म्हणून ठेवलात तर एका पाण्यात उभा तडकतो. फ्लॉवरला गड्डा मुठीएवढा झाल्यापासून त्याचीच पानं वर मुडपून कपड्यांच्या चिमट्याने अडकवा, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. मुळे-बीट सगळे उपटून घ्या, जमिनीत साठवायचे दिवस संपले. भेंडी-गवार-काकडीचं बी त्या रिकाम्या जागेत लगेच टाकता येतं. एका क्रेटमधली कोथिंबीर मात्र उपटू नका, तुऱ्यावर येऊ द्या, तिच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि मार्चअखेरीस धणे वाळले की डबीत भरून वर तारीख लिहून ठेवा, ऑक्टोबरच्या २५ ला तेच रगडायचे.